सहाव्या महिन्यात परत शुगर टेस्ट? पहिली तर नॉर्मल आली होती

पूर्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मला सव्विसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. नोकरी पुण्यात, सध्या डोहाळजेवणासाठी माहेरी परभणीला आलेय. पुण्यात तिसऱ्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर तपासली होती, उपाशीपोटी बोलावलं, तीनदा रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. आता इथल्या डॉक्टर मॅडम म्हणतात परत करायची. आणि वर म्हणतात उपाशी यायची गरज नाही, नाश्ता करून या, एकदाच टोचू. मग पुण्यात मला सकाळी दहापर्यंत उपाशी कशाला ठेवलं होतं?

आई म्हणते डॉक्टर सांगतायत तर करून टाक. सासूबाईंचा फोन आला तर त्या म्हणतात एकदा झालंय ना, लॅबवाल्याचं घर कशाला भरायचं, आपल्या घराण्यात कुणालाच शुगर नाही. (घराणं त्यांचं, पोट माझं, पण हे फोनवर बोलता येत नाही.)

तर पहिली नॉर्मल असताना दुसरी खरंच लागते का? दोन्हीतली बरोबर पद्धत कोणती? आणि ते पाणी बघूनच मला मळमळतं, उलटी झाली तर काय करायचं?

जालन्याचा_शेखर
लागते. बायकोची पहिली १०४ होती, सातव्या महिन्यात १६३ आली. सविस्तर जाणकार सांगतीलच.

अण्णा_बीडकर
आमच्या आईची सात बाळंतपणं घरातच झाली. सकाळी रानात, दुपारी बाळंत. कुठली शुगर न कुठलं काय. आता पोरगी गरोदर राहिली की फाईल आधी, बाळ नंतर. डॉक्टर लोक धंदा करायलेत, दुसरं काही नाही. राग नसावा.

सिंधू_मावशी
अण्णा, सात बाळंतपणं झाली हे लिहिलंत, सातही जगली का तेही लिहा की.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचं सांगते. अडतीस वर्षं झाली असतील. दिवस भरत आले तसं पोट एवढं मोठं की सगळे म्हणायचे जुळं आहे. बाळ सव्वाचार किलोचं, डोकं आलं आणि खांदा अडकला. सुईणीने जे करायचं ते केलं, बाळ वाचलं पण एक हात कायमचा लुळा पडला. गावात कौतुक काय तर बाळ कसं गुटगुटीत. पुढं जाऊबाईंना पंचेचाळिशीच्या आतच शुगर निघाली तेव्हा कुठं एका डॉक्टरने विचारलं की बाळंतपणात तपासली होती का. तेव्हा तपासायची पद्धतच नव्हती आमच्याकडं. घराण्यात कुणाला नाही याचा अर्थ कुणी बघितलं नाही असाही होतो, पूर्णाताई.

पैठणी_थाट
+१ मावशी. आमच्याकडंही "घराण्यात कुणालाच नाही" असं चाललं होतं, मग सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन करायच्या आधी तपासलं तर ३१०.

डॉ_मांजरा
लातूरला प्रॅक्टिस करते, रोजचाच विषय आहे म्हणून जरा लांबवते.

पूर्णाकाठची, दुसरी टेस्ट करा. पहिली आणि दुसरी वेगवेगळ्या गोष्टी बघतात. पहिलीत कळतं की दिवस जायच्या आधीपासूनच शुगर होती का, कारण आपल्याकडं पंचविशीतल्या मुलींची शुगर एरवी कोण तपासतं. दुसरीचं कारण वार (प्लॅसेंटा). जसजशी वार वाढते तसे तिच्यातून जे हार्मोन सुटतात ते आईच्या इन्शुलिनचं काम अडवतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन बनवून भागवतं, काहींचं भागत नाही, आणि ते साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान उघडं पडतं. जूनमध्ये जायकवाडी रिकामं बघून गणपतीत गोदेला पूर येणारच नाही असं कुणी म्हणतं का?

केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या सूचना आहेत, २०१४ साली आल्या आणि २०१८ ला सुधारल्या. त्यात हेच आहे. पहिल्या भेटीत एकदा, नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत परत, दोन्हींत निदान चार आठवड्यांचं अंतर. बाई पहिल्यांदाच २८ आठवड्यांनंतर आली तर एकदाच करा पण करा. सरसकट सगळ्या गरोदर बायांची, कारण भारतीय बायकांना धोका मुळातच जास्त आहे. सडपातळ, घराण्यात कुणाला नाही, वय बावीस, अशाही निघतात.

आता पद्धत. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पोट रिकामं की भरलेलं, फरक पडत नाही. पुण्यात झाली ती दुसरी पद्धत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ ला मान्य केलेली, उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एकही आकडा गाठला तरी निदान. दोन्ही बरोबरच आहेत. फक्त एकीचा आकडा दुसरीच्या पट्टीवर मोजू नका. माझ्याकडं येऊन बायका भांडतात की नणंदेला १४५ ला सोडलं आणि मला १४५ ला पकडलं.

उलटी: प्यायल्यापासून ३० मिनिटांच्या आत झाली तर त्या दिवशीची टेस्ट रद्द, दुसऱ्या दिवशी परत. ३० मिनिटांनंतर झाली तर टेस्ट चालूच ठेवायची. हळूहळू घोट घ्या, पण दहा मिनिटांच्या वर ताणू नका.

नळदुर्गी
आमच्या ह्यांनी सोबत म्हणून माझ्याबरोबर एक ग्लास ग्लुकोज प्यायलं होतं. दोन तासांनी मी टणटणीत आणि हे बाकड्यावर आडवे. सिस्टर म्हणाल्या यांचीच तपासू का आधी.

जालन्याचा_शेखर
@नळदुर्गी तपासली का मग?

नळदुर्गी
तपासली ना. १९८. आता घरात दोघांचा चहा बिनसाखरेचा.

गोदातीर_फिजिशियन
डॉ. मांजरा यांच्याशी बहुतेक सहमत, पण एका मुद्द्यावर नाही. न उपाशी टेस्टमध्ये काही केसेस निसटतात, विशेषतः ज्यांची फक्त उपाशीपोटीची शुगर चढलेली असते त्या. जिची ऐपत आहे आणि जी उपाशी येऊ शकते तिची तीन नमुन्यांची टेस्टच करावी असं माझं मत. एका आकड्यावर मोहोर लावणं मला पटत नाही.

डॉ_मांजरा
@गोदातीर, मुद्दा मान्य, निसटतात. तुम्ही शहरात बसता आणि तुमच्याकडं येणारी पेशंट स्कूटीवर येते. माझ्याकडं औश्याच्या पलीकडून बाई काळीपिवळीत बसून येते, सकाळी भाकरी खाऊन, कडेला एक लेकरू, दुसरं पोटात. तिला मी म्हटलं उद्या उपाशी ये, तर ती येतच नाही, आणि आली तरी तीन वेळा टोचायला दोन तास थांबताना चक्कर येऊन पडते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी एका नमुन्याची पद्धत लावून धरली ती याचसाठी. त्यांचा वाढदिवस १० मार्च, तो आपल्याकडं या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. उपाशीच्या पद्धतीत माझ्या ओपीडीतल्या किती बायका मुळात टेस्टपर्यंत पोचतील तेही मोजा की.

गोदातीर_फिजिशियन
हे मात्र खरं आहे. माझा आग्रह जिला जमेल तिच्यापुरताच.

उपकेंद्रवाली
मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, बीड जिल्ह्यात. मोबाईलवर टाइप करतेय, शुद्धलेखन बघू नका.

आमची अडचण वेगळीच. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेतलेली, बाई पोटुशी असली तरी जावंच लागतं, मुकादम कुठला थांबतो. आता हिशोब लावा. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस गेले, जायच्या आधी मी कार्ड काढून पहिली टेस्ट केली, नॉर्मल. चोविसावा आठवडा येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा ती सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात कोपीवर (फडाजवळच्या खोपटात). पहाटे चारला उठून फडात जाणारी बाई दोन तास बाकड्यावर बसायला कुठून येणार. परत येते ती आठव्या-नवव्या महिन्यात. तेव्हा टेस्ट लावली की कधीकधी थेट १७०, १८० दिसते. मग पोटात धस्स होतं, कारण आता खाणंपिणं सुधारून बघायला वेळच उरलेला नसतो, तालुक्याला पाठवावं लागतं.

म्हणून मी जाताना कार्डावर लाल पेनाने दुसऱ्या टेस्टचा महिना लिहून देते आणि नवऱ्यालाच बजावते की जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात ९ तारखेला जा, त्या दिवशी सगळीकडं गरोदर बायांची फुकट तपासणी असते. सासूला सांगून उपयोग नसतो, सासू गावातच राहते. गेल्या मोसमात एक पोरगी खरंच जाऊन आली. कार्डावर तिकडचा शिक्का, आकडा १५२, आणि खाली तिकडच्या सिस्टरने आहाराच्या दोन ओळी लिहिलेल्या. मी ते कार्ड आशाताईला मुद्दाम दाखवलं.

अण्णांना सांगायचंय की आमच्याकडं ही टेस्ट फुकट होते, धंद्याचा प्रश्नच येत नाही.

अण्णा_बीडकर
सिस्टर, तुमच्यासमोर हात जोडले. सरकारी फुकट होते हे माहीत नव्हतं. खाजगीवाल्यांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम है.

सिंधू_मावशी
आणि सातमधली किती जगली ते राहिलंच.

अण्णा_बीडकर
पाच.

सातारा_देवळाई
मी संभाजीनगरला लॅबमध्ये टेक्निशियन. दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. एक, ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचं वजन. मोनोहायड्रेट (पाणी धरलेली) पावडर असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. घरून किराणा दुकानातला ग्लुकोजचा डबा आणून "हेच पाजा" म्हणणारे येतात, त्यात फ्लेवर काय, बाकीचं काय, प्रमाण कळत नाही, तसं करू नका. दोन, मधले दोन तास बसून राहा. बाहेर चक्कर मारून येते, तेवढ्यात समोरून साबुदाणा वडा खाऊन येते, असं केलं की आकड्याला अर्थ राहत नाही. एक ताई तर उसाचा रस पिऊन आल्या होत्या, म्हणे तोंड गोडमिट्ट झालं होतं म्हणून जरा चव बदलली. उसाच्या रसाने!

परळी_एक्सप्रेस
आमच्या वहिनीला एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) करून घ्या म्हणाले कुणीतरी, म्हणजे ग्लुकोज प्यायची कटकट नाही. ते चालतं का?

डॉ_मांजरा
त्याच्या जागी नाही. गरोदरपणात रक्तपेशींची उलाढाल वाढलेली असते आणि आपल्याकडं निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळं तो आकडा फसवतो. सुरुवातीला आधीचा मधुमेह हुडकायला कधी करतो, पण २४ आठवड्यांनंतरच्या टेस्टला पर्याय म्हणून नको.

मेथीचं_पिठलं
जरा अवांतर. मला दुसऱ्या वेळी १५८ आली होती. औषध नाही, इन्शुलिन नाही, दोन आठवडे फक्त खाण्यावर ठेवलं आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासलं. १२० च्या आत राहिली तर तसंच चालू, वर गेली तर गोळी किंवा इन्शुलिन असं सांगितलं होतं. माझी ११२ आली म्हणून तसंच निभावलं.

पण घरात काय महाभारत! साखर बंद म्हटल्यावर सासूबाईंनी चहात गूळ सुरू केला, गूळ चालतो म्हणे, गूळ गरम असतो पण शुगरला चालतो. मग मध. मग खजूर. आणि मावशींनी पाठवलेले डिंकाचे लाडू. डाएटवाल्या ताईंनी शेवटी सासूबाईंनाच समोर बसवलं आणि विचारलं गूळ कशाचा करतात? उसाचा. साखर कशाची करतात? सासूबाई हसल्या. त्या दिवसापासून चहा फिक्का, पण लाडवाचा डबा माळ्यावर जायला अजून आठवडा लागला.

लातूरी_ठेचा
मेथीताई ज्वारीची भाकरी किती खाऊ द्यायच्या? आमच्याकडं सगळे म्हणूलाले ज्वारी कितीपण खा, शुगर वाढत नाही.

मेथीचं_पिठलं
असं काही नसतं हो. गव्हाच्या पोळीपेक्षा बरी, सावकाश चढते, पण पीठ ते पीठच. मला दुपारी दीड भाकरी, वाटीभर तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी भरपूर, काकडी, ताक. मधल्या वेळेला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. तीनदा गच्च जेवायच्या ऐवजी थोडंथोडं पाच-सहा वेळा. आणि प्रत्येक जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या. उपास बंद, हे सांगायचं राहिलं. संकष्टीला साबुदाणा खिचडी खाल्ली तेव्हाची माझी रीडिंग इथं लिहीत नाही.

लातूरी_ठेचा
आणि केसर आंबा? सीझन चालू है म्हणून विचारलं. रस पुरीशिवाय आमच्याकडं पाहुणा हलत नाही.

डॉ_मांजरा
शुगर निघाली असेल तर रस नाही. एखादी फोड, तीही जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी, आणि आकडे ताब्यात असतील तरच. पाहुण्याला वाढा पोटभर.

नळदुर्गी
आमच्या ह्यांना हा प्रतिसाद दाखवला. तोंड उतरलंय.

परळी_एक्सप्रेस
एक शंका. शुगर आईची, मग बाळाला नेमकं काय होतं? बाळ मोठं होतं एवढंच ना? मोठं बाळ म्हणजे चांगलंच की.

गोदातीर_फिजिशियन
आईची साखर वारेतून बाळाकडं जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्शुलिन ढिगाने बनवतं आणि त्यावर बाळ फुगतं, खांदे-पोट जास्त. मावशींनी सांगितलं ते त्यातूनच. खरी गंमत जन्मल्यावर. नाळ कापली की साखरेचा पुरवठा झटकन बंद, बाळाचं इन्शुलिन मात्र चढलेलंच. मग बाळाची शुगर एकदम खाली येते, हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासाच्या आत अंगावर पाजायचं आणि टाचेतून थेंब घेऊन शुगर बघत राहायची. मध-साखरेचं बोट चाटवायची पद्धत इथं कामाची नाही, ती मुळातच नको.

पूर्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आज करून आले. दोन पोहे खाऊन गेले, ग्लासात अर्धं लिंबू पिळून दिलं होतं त्यामुळं उतरलं घशाखाली, उलटी नाही. आकडा १२७. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, आता नेहमीसारखं चालू द्या.

सासूबाईंना कळवलं तर पलीकडून पहिलं वाक्य, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पैठणी_थाट
हाहाहा. अभिनंदन. सासूबाईंना पण ग्लुकोज पाजा एकदा, घराण्याचा निकाल लागेल.

दुधनेची_रेवती
धागा वाचताना माझ्या वेगळंच डोक्यात आलं म्हणून विचारते. मला पहिल्या वेळी शुगर निघाली होती, शेवटी शेवटी इन्शुलिनपण घेतलं. मुलगा आता दोन वर्षांचा. बाळंतपण झालं, इन्शुलिन बंद केलं, सगळे म्हणाले वार पडली, शुगर गेली. नंतर मी तपासलीच नाही, कुणी बोलावलंही नाही. आता तपासायला पाहिजे का? दुसऱ्याचा विचार चालू आहे.

डॉ_मांजरा
रेवतीताई, याच आठवड्यात करा. बहुतेकींची बाळंतपणानंतर नॉर्मलला येते हे खरं, पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमचीच टेस्ट परत करायची असते आणि तिथंच सगळ्या गळतात, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष बाळाकडं. ही टेस्ट मात्र उपाशीपोटी. उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा वर, म्हणजे कायमचा मधुमेह. तुम्ही दोन वर्षं उशिरा आहात म्हणून सोडून देऊ नका. ज्यांना गरोदरपणात निघते त्यांना पुढं मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या कितीतरी पट असते, म्हणून नॉर्मल आली तरी दरवर्षी बघत राहायचं. आणि दुसरं बाळ राहायच्या आधी शुगर माहीत असणं फार गरजेचं, कारण बाळाचं हृदय, मणका हे पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, तेव्हा आईची शुगर चढलेली असून चालत नाही.

दुधनेची_रेवती
बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर असेल तर बघते.

सिंधू_मावशी
रेवती, कागद शोधत बसू नको, उद्या सकाळी उपाशी जा. मुलाला आजीकडं ठेव.

उपकेंद्रवाली
आम्ही काय करतो सांगते, इतर सिस्टरांना उपयोग होईल. सहा आठवडे म्हणजे बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवस. आई येतेच लसीला, ती चुकवत नाही. ज्यांना शुगर होती त्यांच्या बाळाच्या लसीच्या पानावर आधीच लिहून ठेवते, "आईने उपाशी यावे". बाळाला लस, आईला ग्लुकोज, दोन तास दोघं बाकड्यावर. बाळ रडतं, आई पाजत बसते, तोवर वेळ निघून जातो.

सातारा_देवळाई
सिस्टर, एक नंबर. हे आमच्या लॅबवाल्या डॉक्टरांना सांगतो.

अण्णा_बीडकर
सिस्टर, तुमचं उपकेंद्र कुठलं विचारत नाही. पण पुतणीला पाचवा लागलाय, येत्या ९ तारखेला गावातल्या दवाखान्यात पाठवतो. नाश्ता करून पाठवू ना?

उपकेंद्रवाली
हो अण्णा, खाऊन पाठवा. कार्ड विसरू देऊ नका.